काळ्यावर पांढरं

एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणारा माणूस ओळखायला सोपा असतो. कॉम्प्युटर सुरू करताना कुणी बघत असेल तर तो खुर्चीत जरा मागे रेलतो. स्क्रीनवर चार-पाच ओळींची यादी येते. वर उबुंटू, त्याखाली 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू', मग 'विंडोज बूट मॅनेजर' आणि तळाला 'यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज' नावाची एक ओळ, जिच्या वाटेला शहाणा माणूस जात नाही. खाली सेकंद उलटे मोजले जात असतात. दहा, नऊ, आठ. तेवढ्यात हा खालचा बाण एकदा दाबतो आणि मोजणी थांबते. बघणारा विचारतो, "हे काय?" या एका प्रश्नासाठी ज्याने हार्ड डिस्कचे तुकडे पाडले, अख्खा रविवार घालवला, बायकोच्या माहेरच्या फोटोंचा बॅकअप घेतला आणि तरी रात्री झोप लागली नाही, तो अगदी सहज म्हणतो, "काही नाही, ड्युअल बूट आहे."

माझ्या पाहण्यात अशी बरीच मंडळी आहेत आणि माझं स्पष्ट मत आहे की यांतल्या बहुतेकांना दोन सिस्टीम लागत नाहीत. लागते ती यादी. यादी आहे म्हणजे आपल्याला निवड आहे. निवड आहे म्हणून रोज निवडलंच पाहिजे असं कुठे आहे? जीएसटीचं रिटर्न, टॅली, डीटीपीवाल्यांचं श्री-लिपी, डिजिटल सहीचा तो डोंगल, सगळं विंडोजच्या बाजूला. त्यामुळे रोज तिकडेच जाणं होतं. लिनक्स महिन्यातून एखाद्या वेळी उघडलं जातं. उघडल्याबरोबर ते अपडेट मागतं. हा पासवर्ड देतो, काळ्या खिडकीतून पांढरी अक्षरं भराभरा वर सरकत जातात, ती डोळे भरून पाहतो, आणि अपडेट संपले की त्या महिन्याचा लिनक्सचा वापर संपतो.

आणि मग एक दिवस यादी येतच नाही.

हा आजार दोन प्रकारचा. सौम्य प्रकारात कॉम्प्युटर काही न विचारता थेट विंडोजमध्ये शिरतो, जणू दुसरं काही कधी नव्हतंच. घरातल्या इतरांना यात काही बिघडलंय असं वाटत नाही. उलट "आज पटकन चालू झाला" असं कौतुक होतं, आणि ते ऐकताना मालकाच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. तीव्र प्रकारात पडदा काळा होतो आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात मजकूर येतो, 'एरर: नो सच पार्टिशन. एंटरिंग रेस्क्यू मोड'. खाली 'ग्रब रेस्क्यू' आणि एक लुकलुकणारी रेघ. माणसाला वाटतं, चला, वाचवायला कुणीतरी आलं. अर्धा तास तो त्या रेघेकडे बघत बसतो. मग लक्षात येतं की वाचवायचं आपल्यालाच आहे, ती रेघ नुसती वाट बघतेय.

माझा भाचा कराडला असतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याचा एकदा रात्री फोन.

"मामा, लॅपटॉप गेला."

"गेला म्हणजे? चोरीला?"

"नाही रे, आहे. पण गेला."

"स्क्रीनवर काय दिसतंय?"

"काळं."

"काळ्यावर काय?"

"काळ्यावर पांढरं."

"मग ते पांढरं वाच की."

"इंग्लिश आहे."

सगळे पेपर इंग्रजीत देणारं पोरगं हे. पण काळ्या स्क्रीनवरचं इंग्रजी वाचायचं नसतं, नुसतं घाबरायचं असतं, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. मी ज्यांना ज्यांना फोनवरून मदत केली, त्या प्रत्येकाने आधी ते इंग्रजी वाचायचं नाकारलं आहे. त्यांत इंग्रजीचे एक प्राध्यापकही होते.

मागून दाजींचा आवाज आला, "काय म्हणतोय मामा? दुकानात न्यायचा का?"

दुकानात नेणं म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. तिथला पोरगा झाकण उघडून दोन सेकंद बघतो आणि म्हणतो, "फॉरमॅट मारावा लागेल." त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यासमोर रांगेत पंधरा मशीन पडलेली असतात, आणि फॉरमॅट मारणं हा असा रामबाण उपाय आहे की त्यानंतर तक्रार करायला कॉम्प्युटरमध्ये काही शिल्लकच राहत नाही.

झालं होतं ते असं. सेमिस्टर संपली, लिनक्सचं प्रॅक्टिकल संपलं, एक गेम टाकायला जागा कमी पडत होती. भाच्याने विंडोजमध्ये बसून लिनक्सचं पार्टिशन उडवलं आणि रीस्टार्ट केलं. हिशोब सरळ होता, दोन वजा एक बरोबर एक. पण बूटचा हिशोब असा चालत नाही. हे समजायला एखादा सामाईक वाडा डोळ्यांसमोर आणावा. दोघे भाऊ वेगळे निघालेत, मधे भिंत घातलीय, चुली वेगळ्या झाल्यात, पण दिंडीदरवाजा एकच राहिलाय. दारावर बसून "कुणाकडे जायचंय?" विचारणारा माणूस धाकट्याने, म्हणजे लिनक्सने, नेमलेला. ग्रब त्याचं नाव. थोरल्याचं, म्हणजे विंडोजचं, मत असं की वाड्यात दुसरं कुणी राहतच नाही. एखादं मोठं अपडेट आलं की तो दारावर आपला माणूस बसवून मोकळा होतो. भाच्याने काय केलं, तर धाकट्याचं बिऱ्हाड सामानसुमानासह उचलून फेकलं, पण दारावरचा माणूस तसाच ठेवला. तो माणूस पाहुण्यांची वही धाकट्याच्या कपाटातून काढून वाचायचा. आता कपाटच नाही म्हटल्यावर तो दारात उभा राहून डोळे मिचकावणार, दुसरं काय करणार?

"एक शब्द टाइप कर," मी म्हटलं. "ई, एक्स, आय, टी. एंटर."

पलीकडे शांतता. मग विंडोज सुरू झाल्याचा आवाज.

नव्या पद्धतीच्या मशीनवर ग्रबला 'एक्झिट' म्हटलं की बहुतेक वेळा तो बाजूला होतो आणि मशीन आपल्या यादीतल्या पुढच्या नावाकडे वळतं. एवढीच ती जादू. पण दाजींना ते पटलं नाही. "एवढंच?" त्यांनी फोन हातात घेऊन विचारलं. आवाजात आनंदापेक्षा फसवणूक झाल्याची भावना जास्त होती. पन्नास हजारांच्या लॅपटॉपचा आजार चार अक्षरांत बरा व्हावा, हे कुठल्याही बापाला अपमानास्पदच.

मुळात हे दाराचं प्रकरण इतकं चिंचोळं का, तर त्याला इतिहास आहे. १९८३ साली पीसी-डॉस २.० आलं आणि हार्ड डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये सगळा कारभार बसवायचं ठरलं. त्यांतले ६४ बाइट वाटण्यांच्या तक्त्याला, शेवटचे २ बाइट 'आम्हीच ते' अशा खुणेला, आणि उरलेले ४४६ बाइट प्रत्यक्ष मशीन सुरू करणाऱ्या कामाला. ४४६ बाइट म्हणजे किती? युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा वेगळ्या मोजून. म्हणजे फार तर १४८ चिन्हं. लग्नपत्रिका लिहायला घेतली तर 'आमचे येथे श्रीकृपेकरून'पासून निघून वधूच्या आजोबांच्या नावापर्यंत जेमतेम पोचू. मुहूर्त आणि मंगल कार्यालय राहूनच जाईल. तेवढ्या जागेत जगभरची पीसी मशीनं कित्येक वर्षं सकाळी उठत होती. आणि तेवढीशी जागा दोन सिस्टीमना हवी होती. जी शेवटी इन्स्टॉल झाली तिने आधीच्या पाटीवर बोळा फिरवायचा, हा त्या काळचा रिवाज. म्हणून जुने जाणते अजून सांगतात, आधी विंडोज टाक, मग लिनक्स. हे सांगताना त्यांचा चेहरा मुहूर्त काढून देणाऱ्या गुरुजींसारखा होतो.

त्या काळी दारावर लिलो असायचा. लिनक्स लोडरचं ते लाडकं नाव. हा गडी उठताना आपल्या नावाची चार अक्षरं एकेक करून पडद्यावर छापायचा, आणि मधेच कोसळला तर किती अक्षरं उमटली यावरून निदान करायचं. नुसतं 'एल' आलं आणि पुढे आकडे आले तर डिस्क वाचताना अडखळला. 'एल-आय'वर थांबला तर दुसरा टप्पा मेमरीत आला पण चालला नाही. चारही अक्षरं आली की गडी शुद्धीवर. मला हा प्रकार फार आवडायचा. आजच्या मशीनवर कंपनीचं बोधचिन्ह आणि गोल फिरणारे ठिपके दिसतात. त्या ठिपक्यांवरून आजवर कुणाला काही समजलेलं नाही. लिलोला बिचाऱ्याला फाइल सिस्टीम वाचता येत नव्हती. सिस्टीमचा गाभा डिस्कवर नेमका कुठे पडलाय त्याचे पत्ते त्याला आधी लिहून द्यावे लागत. गाभा बदलला आणि लिलोला कळवायचं राहिलं की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं ठप्प. २०१५ साली त्याचं काम थांबलं.

ग्रबची जन्मकथा आणखी मजेची. १९९५ साली एरिक बोलेन नावाच्या गृहस्थांना जीएनयूची हर्ड ही सिस्टीम सुरू करायची होती. त्यासाठी त्यांनी हा लोडर रचला आणि पदार्थविज्ञानातल्या महासिद्धान्ताच्या चालीवर त्याला 'ग्रँड युनिफाइड बूटलोडर' असं भारदस्त नाव दिलं. हर्डचं काम १९९० पासून चालू आहे. तिची १.० आवृत्ती अजून यायची आहे. पण तिच्यासाठी नेमलेला दारवान मात्र लिनक्सच्या घरी राहून जगभर नावारूपाला आला. नवरदेव बोहल्यावर चढायचा राहिला आणि करवल्याचं लग्न लागलं.

हा ग्रब पासवर्ड लावून बंदही करता येतो. ती सोय किती पक्की होती हे डिसेंबर २०१५ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं. ग्रबने वापरकर्त्याचं नाव विचारलं की बॅकस्पेसचं बटण २८ वेळा दाबायचं. बस. दार उघडं. खोडायला काही नसतानाही खोडत राहिलं तर आतला हिशोब शून्याच्या खाली जायचा आणि पहारेकऱ्याला चक्कर यायची. हे भगदाड नंतर बुजवलं. पण मला नेहमी वाटतं, सत्ताविसाव्या वेळी कंटाळून सोडून दिलेले किती असतील?

पुढे मशीन सुरू करायची यूईएफआय नावाची नवी पद्धत आली. आता सगळं सुरळीत होणार, असं वाटलं. डिस्कवर दारासाठी एक स्वतंत्र छोटं पार्टिशन, त्यात विंडोजचा वेगळा फोल्डर, लिनक्सचा वेगळा, कुणी कुणाच्या पाटीवर बोळा फिरवायचा नाही. आणि कुणाला आधी हाक मारायची याची नोंद मदरबोर्डवरच्या एका मेमरीत. म्हणजे वाड्याला सातबारा मिळाला म्हणायचा. पण सातबारा म्हटला की पुढचं सगळं ओघाने आलंच. नोंदींचा क्रम आपोआप वरखाली होतो. गेलेल्यांची नावं तशीच राहतात. चार वर्षांपूर्वी पुसून टाकलेलं लिनक्स यादीत हयात असतं. काही मशीनं तर अशी की नोंद काहीही असो, ती विंडोजच्या ठरावीक नावाची फाइल सोडून दुसऱ्या कुणाला ओळखच देत नाहीत. अशा ठिकाणी लोक ग्रबच्या फाइलला विंडोजच्या फाइलचं नाव देऊन आत सोडतात. हा उपाय चालतो. पुढचं अपडेट येईपर्यंत चालतो.

मेनू हरवल्यावर आसपास सल्लागार उगवतात. एक म्हणतो, सिक्युअर बूट बंद कर. दुसरा म्हणतो, तू ते चालू कसं ठेवलंस? तिसऱ्याला 'बूटरेक फिक्स-एमबीआर' हा मंत्र पाठ असतो. त्याच्या आजोबांच्या मशीनवर तो लागू पडला होता. त्याच माळेतली 'फिक्स-बूट' ही आज्ञा नव्या मशीनवर दिली की 'अ‍ॅक्सेस इज डिनाइड' असं उत्तर येतं. ज्याला दुरुस्त करायला गेलो त्यानेच आपल्याला ओळख नाकारावी, हा अनुभव नातेवाइकांत येतो तसा इथेही येतो. चौथा सल्लागार सगळ्यांत त्रासदायक, कारण तो बरोबर असतो. तो विचारतो, "अरे, पण व्हर्च्युअल मशीनमध्ये का नाही टाकत लिनक्स? किंवा विंडोजच्या आतलंच वापर." याला उत्तर नाही. त्याला चहा द्यावा आणि विषय बदलावा.

या सल्ल्यांत एक गोष्ट मात्र कुणी पहिल्या दमात सांगत नाही, ती म्हणजे विंडोज बंद केलं तरी ते बंद होत नाही. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. 'शट डाउन' म्हटलं की विंडोज आपला गाभा जसाच्या तसा डिस्कवर गोठवून ठेवतं, म्हणजे उद्या उठायला वेळ नको. अंगावरचे कपडे न काढता झोपायचं आणि सकाळी थेट ऑफिसला. यात त्याची डिस्कवरची दप्तरंही अर्धवट उघडी राहतात. मग लिनक्समधून त्या भागात फाइल ठेवायला गेलं की लिनक्स म्हणतं, घरमालक अजून जागे आहेत, मी नुसतं बघीन, हात लावणार नाही. लोक याला लिनक्सचा बिघाड समजतात. खरं तर एवढी सभ्यता त्या अख्ख्या कारभारात दुसरीकडे नाही.

घड्याळाचं तर विचारूच नका. मदरबोर्डवरचं घड्याळ विंडोज स्थानिक वेळेचं समजतं आणि लिनक्स जागतिक वेळेचं. हा वाद डॉसच्या जमान्यापासूनचा. भारतात राहणाऱ्याला तो बरोबर साडेपाच तासांना पडतो. लिनक्स वापरून विंडोजमध्ये यावं तर सकाळी दहाला कॉम्प्युटर साडेचार दाखवतो. लंडनमध्ये राहणाऱ्या ड्युअल-बूटवाल्याला हिवाळ्यात हा आजार असल्याचा पत्ताच लागत नाही. 'टाइम-डेट-सीटीएल'ची एक आज्ञा दिली की वाद मिटतो, पण बरेच जण ती देत नाहीत. मनातल्या मनात साडेपाच मिळवतात.

आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजने डिस्कला घातलेलं कुलूप. बूटच्या क्रमात किंवा सिक्युअर बूटमध्ये जरा हात घातला की विंडोजला संशय येतो, लॅपटॉप चोरीला तर गेला नाही ना. मग निळ्या पडद्यावर ते रिकव्हरी की मागतं. ४८ आकडे. सहा-सहाचे आठ गट. ही की तुमच्या ऑनलाइन खात्यात सुखरूप आहे, असा धीरही तिथेच दिलेला असतो. त्या खात्याचा पासवर्ड कुठे लिहून ठेवलाय? याच लॅपटॉपमधल्या एका फाइलमध्ये, 'महत्त्वाचे' नावाच्या फोल्डरात.

या सगळ्यावर कडी झाली ती ऑगस्ट २०२४ मध्ये. सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेल्यालाच दारावर उभं राहू देणारा नियम, चालू असताना लिनक्स सुरू व्हायचं तर शिम नावाचा एक छोटा प्रोग्राम लागतो, आणि त्याच्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते. म्हणजे धाकट्याच्या दारवानाचं ओळखपत्र थोरला देतो, अशी ती व्यवस्था. १३ ऑगस्टच्या सुरक्षा अपडेटने जुन्या, भगदाडं असलेल्या बूटलोडरांची नाकाबंदी केली. ड्युअल बूट असलेल्या मशीनना हे लागू होणार नाही, असं कंपनीने आधी सांगितलं होतं. पण ड्युअल बूट करणारे लोक ते किती तऱ्हांनी करतात याचा अंदाज कुणालाच नसतो, त्यांना स्वतःलाही नसतो. विंडोजला ती मशीनं ओळखता आली नाहीत आणि जगभर लिनक्स सुरू होईना. पडद्यावर मजकूर यायचा, 'सम्थिंग हॅज गॉन सीरियसली राँग'. काहीतरी फारच बिघडलंय. एवढं बोलून मशीन स्वतःहून बंद. इतका प्रामाणिक आणि इतका निरुपयोगी संदेश मी दुसरा वाचलेला नाही. पक्कं औषध मे २०२५ च्या अपडेटमध्ये आलं. तोवर लोकांनी सिक्युअर बूट बंद करून, जुनी बंदी पुसून, पुन्हा चालू करून वगैरे आपापले तोडगे काढलेच होते.

एकट्या विंडोजला बोल लावणं बरोबर नाही. जून २०२१ मध्ये ग्रबची २.०६ आवृत्ती आली आणि शेजारी कुठली सिस्टीम राहते हे शोधून यादीत घालण्याचं काम ग्रबने सुरक्षेच्या कारणावरून मुळातच बंद करून टाकलं. धाकट्यानेही शेवटी थोरल्याचा गुण घेतला. काही ठिकाणी यादीत आता विंडोजच नाही. ते परत आणायला सेटिंगच्या फाइलमध्ये जी ओळ लिहायची तिचा अर्थ असा होतो, 'शोध बंद ठेवणे: असत्य'. सरळ 'शोध' म्हणायची पद्धत नाही. सरकारी परिपत्रकं लिहिणाऱ्यांना ही ओळ पहिल्या वाचनात समजेल.

आमच्या सोसायटीत बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांच्या मशीनवर विंडोज आणि लिनक्स मिंट. मागच्या दिवाळीच्या सुमारास त्यांची यादी गेली. सौम्य प्रकार होता, थेट विंडोज. पण काका चार दिवस जेवणावरून उठत होते म्हणून काकूंनी मला बोलावलं.

दुरुस्तीला पहिल्यांदा लागतो पेन ड्राइव्ह, लिनक्स भरलेला. माझ्याकडे असा एक कायम तयार असतो आणि लागतो तेव्हा तो कायम कुणाच्या तरी मुंजीच्या फोटोंनी भरलेला असतो. तो पुन्हा तयार केला. मग त्याच्यावरून मशीन सुरू करायचं. त्यासाठी सुरुवातीच्या क्षणी एक बटण दाबावं लागतं, आणि ते कुठलं हे प्रत्येक कंपनीने आपापल्या मनाने ठरवलंय. कुणाचं एफ-२, कुणाचं एफ-१२, कुणाचं डिलीट, कुणाचं एस्केप. नव्या मशीनना इतकी घाई असते की बटण दाबायला मिळणारा वेळ आपल्याला नाही, डासांना पुरेल. काकांची पद्धत अशी की दोन्ही हातांनी वरची सगळी ओळ पेटी वाजवावी तशी वाजवत राहायची. विंडोजमधूनच शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक केलं की शांतपणे विचारणारं पान येतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही. त्यात कौशल्य नाही, म्हणाले.

पेन ड्राइव्हवरून मशीन उठलं. टर्मिनल उघडलं, 'ईएफआय-बूट-एमजीआर' एवढंच लिहिलं, आणि मदरबोर्डची अख्खी नोंदवही समोर आली. वरच्या एका ओळीत चालू क्रम: शून्य, मग एक, मग तीन. शून्य म्हणजे विंडोज. तीनवर लिहिलं होतं 'उबुंटू'.

"हे कोण?" काका दचकले. "मी मिंट टाकलंय. उबुंटू मी आणलेलंच नाही."

मिंटची या वहीतली नोंद उबुंटूच्याच नावाने होते. ते उबुंटूवरूनच बेतलेलं आहे. पण तीस वर्षं लोकांच्या खात्यांवरची नावं तपासलेल्या माणसाला हे पटवणं कठीण गेलं. "केवायसी नाही का करत हे लोक?" असं ते दोनदा म्हणाले. एक नंबरवर फेडोरा होतं, आणि फेडोरा या घरात नांदून गेल्याचं काकूंनाही आठवत नव्हतं. ते उडवलं. मग डॅश-ओ लिहून क्रम दिला, तीन, स्वल्पविराम, शून्य. एंटर. काम एवढंच. बिघाड डिस्कवर नव्हताच; काकांचं लिनक्स, त्यातल्या फाइली, पाळीव मांजराचे फोटो, सगळं जागच्या जागी होतं. वहीतले दोन आकडे मागेपुढे झाले होते, बाकी काही नाही.

रीस्टार्ट केलं. काळ्या पडद्यावर यादी आली. काका उभे राहिले. काकूंनी हात पदराला पुसले आणि त्याही येऊन बघू लागल्या. लिनक्स मिंट, त्याचे 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', विंडोज बूट मॅनेजर. दहा सेकंद.

"आलं का तुमचं ते?" काकूंनी विचारलं.

"आलं."

"मग आता कुठलं उघडणार?"

"विंडोज," काका म्हणाले. "पत्त्यांचा डाव अर्धा राहिलाय."